व्यत्ययाबद्दल क्षमस्व! आवाज गेला आणि भूत आलं

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट आवाजाचीच आहे. खरं तर आवाज जाण्याची.

आधीच सांगून ठेवतो, आज एका मालिकेतल्या एका भागाचं सगळं गुपित फुटणार आहे. 'इनसाइड नंबर नाइन' ही ब्रिटिश मालिका तुमच्या यादीत असेल आणि तिचा 'डेड लाइन' हा भाग बघायचा राहिला असेल, तर इथेच थांबा, अर्धा तास काढून तो बघा आणि मग परत या. आम्ही कुठे जात नाही.

आलात? चला.

ही मालिका 2014 मध्ये बीबीसी टू वर सुरू झाली आणि 2024 मध्ये संपली. स्टीव्ह पेंबर्टन आणि रीस शिअरस्मिथ या दोघांनी ती लिहिली आणि बहुतेक भागांत कामंही त्यांनीच केली. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं. समान धागा एकच: कुठे ना कुठे 9 हा आकडा. कधी घर नंबर 9, कधी ड्रेसिंग रूम नंबर 9. हसता हसता कधी अंगावर काटा येतो ते कळतही नाही, असा सगळा मामला.

28 ऑक्टोबर 2018, रविवार, रात्री 10 वाजता. हॅलोविनच्या निमित्ताने या मालिकेचा खास भाग थेट प्रक्षेपित होणार होता. रेकॉर्डिंग नाही, एडिटिंग नाही, चुकलं तर चुकलं. गोष्ट अगदी साधी असल्याची जाहिरात आधीच झाली होती. आर्थर नावाच्या एका माणसाला स्मशानात कुणाचा तरी मोबाईल सापडतो आणि तो फोनच्या मालकाला शोधायला लागतो.

भाग सुरू झाला. आर्थरच्या भूमिकेत पेंबर्टन. त्याच्याशी बोलायला आलेल्या बाई म्हणजे स्टेफनी कोल, ब्रिटनमधल्या नावाजलेल्या ज्येष्ठ अभिनेत्री. काही मिनिटं सगळं छान चाललं होतं, आणि अचानक आवाज गेला. ओठ हलतायत, ऐकू काहीच येत नाही.

पडद्यावर बीबीसी टू चं चिन्ह आलं. निवेदनाचा तो नेहमीचा शांत, सभ्य आवाज म्हणाला की तांत्रिक अडचण आली आहे, आम्ही दिलगीर आहोत. आवाज परत आला आणि परत गेला. मग सांगण्यात आलं की आजचा थेट भाग पुढे दाखवता येत नाही, त्याऐवजी याच मालिकेचा एक जुना भाग बघा. आणि 'अ क्वाएट नाइट इन' सुरू झाला.

इथे एक गंमत बघा. 'अ क्वाएट नाइट इन' हा पहिल्या सीझनमधला दोन चोरांचा भाग आहे, आणि त्यात जवळजवळ एकही संवाद नाही! आवाज गेला म्हणून माफी मागायची आणि बदली म्हणून मुका भाग लावायचा. विनोद चक्क समोर ठेवलेला होता. पण दिलगिरी ऐकल्यावर विनोद शोधत कोण बसतं?

बऱ्याच लोकांनी टीव्ही बंद केला. पुढे आलेल्या बातम्यांनुसार प्रेक्षकांतला साधारण पाचवा हिस्सा इथे निघून गेला. चला, उद्या सोमवार आहे, झोपा.

जे थांबले, त्यांना त्या जुन्या भागात एक आकृती दिसली. मूळ भागात नसलेली. मग दृश्य तुटलं आणि कॅमेरा थेट कलाकारांच्या ड्रेसिंग रूममध्ये पोचला. पेंबर्टन आणि शिअरस्मिथ मेकअपमध्येच वैतागून बसलेत, प्रक्षेपण बोंबललं म्हणून कुरकुर करतायत. आपण अजूनही टीव्हीवर आहोत याचा त्यांना पत्ता नाही. मध्येच शिअरस्मिथ फोन काढून ट्विटरवर विचारतो की आम्ही दोघं आत्ता बीबीसी टू वर दिसतोय का? आणि ते ट्वीट त्याच क्षणी त्याच्या खऱ्या खात्यावर खरोखर आलं!

म्हणजे 'हे काय चाललंय?' म्हणून ज्यांनी फोन उघडला, ते सुटायच्या ऐवजी आणखी अडकले. ज्या फोनवर खात्री करायची, तो फोनच नाटकात सामील होता.

बिघाड झालाच नव्हता. आवाज जाणं, दिलगिरी, रिपीट भाग, सगळं आधीपासून ठरलेलं होतं. गोष्ट हरवलेल्या मोबाईलची नव्हतीच. मँचेस्टरच्या जुन्या ग्रॅनडा स्टुडिओत भुतं आहेत आणि त्यांना हे प्रक्षेपण नकोय, ही खरी गोष्ट होती.

आता प्रश्न असा की लोक फसले ते नेमके कशाला? भुताला नक्कीच नाही. ते फसले 'सॉरी'ला. ज्या आवाजाने आयुष्यभर खरं सांगितलं, त्याने 'आमचं चुकलं' म्हटल्यावर संशय कोण घेणार? तुमच्या आई-बाबांना विचारा. दूरदर्शनवर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' अशी पाटी यायची, तेव्हा घरात कुणी म्हणायचं का, की थांबा हं, यात काहीतरी डाव आहे? लोक उठून चहा टाकायचे.

आणि मंडळी, ही युक्ती 2018 ची नाहीये. तिचा इतिहास जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. आपण उलट्या दिशेने सुरुवातीपासून येऊ.

16 जानेवारी 1926. बीबीसी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक कॅथलिक पाद्री होते, जे रहस्यकथाही लिहायचे. त्यांनी एडिनबरोच्या स्टुडिओतून बातमीपत्राची नक्कल करणारा एक विनोदी कार्यक्रम केला. बातमी काय, तर लंडनमध्ये दंगल पेटली आहे, जमावाने सॅव्हॉय हॉटेल उडवलं, बिग बेनचा मनोरा पाडला. दंगलीचा पुढारी कोण? नाटकाच्या तिकिटांच्या रांगा बंद करा म्हणणाऱ्या चळवळीचा सेक्रेटरी! मध्ये मध्ये हॉटेलातलं नाचगाणं. आणि एक बातमी अशी की वाहतूक मंत्र्यांना दिव्याच्या खांबावर फाशी दिलं. थोड्या वेळाने दुरुस्ती आली: तो खांब दिव्याचा नव्हता, ट्रामचा होता.

ही दुरुस्ती ऐकून आपण आज हसतो. पण तेव्हा घरी बसलेल्या माणसाचा विचार करा. जो निवेदक खांबाची चूक सुधारतो, तो अख्खी दंगल कशाला खोटी सांगेल? कार्यक्रम विनोदी आहे हे आधी सांगितलेलं असूनही घाबरलेल्या लोकांचे फोन आले. त्यात बर्फामुळे दुसऱ्या दिवशी खेड्यापाड्यांत वर्तमानपत्रं वेळेवर पोचली नाहीत. काही लोकांना वाटलं, बघा, लंडन गेलंच!

पुढचा टप्पा अमेरिका. 30 ऑक्टोबर 1938, सीबीएस रेडिओ. ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक केलं, बातम्यांच्या थाटात. त्यात एक वार्ताहर घटनास्थळावरून बोलता बोलता मध्येच गप्प होतो. शांतता. मग निवेदक सांगतो की तिथून प्रक्षेपण चालू ठेवता येत नाही, काहीतरी तांत्रिक अडचण दिसते. परत तीच युक्ती! राक्षसापेक्षा तुटलेली लाईन जास्त खरी वाटते.

'तेव्हा अख्खी अमेरिका रस्त्यावर आली' अशी गोष्ट तुम्ही रीलवर ऐकली असेल. ती बरीच फुगवलेली आहे. त्या रात्री फोनवरून केलेल्या एका पाहणीत शंभरातले जेमतेम दोघं हे नाटक ऐकत होते. काही लोक घाबरले हे खरं, पण रेडिओ तेव्हा वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवत होता, त्यामुळे 'बघा रेडिओ किती बेजबाबदार' ही बातमी छापायला वर्तमानपत्रांना मजाच आली. भीतीची गोष्ट सांगणाऱ्यालाही काहीतरी विकायचं असतं, हे विसरू नका.

आता मात्र हसू थोडं आवरा.

31 ऑक्टोबर 1992, बीबीसी वन, रात्री साडेनऊच्या आसपास. कार्यक्रमाचं नाव 'घोस्टवॉच'. लंडनच्या एका घरात, जिथे एक आई आणि दोन मुली राहतात, तिथे भूत आहे असं म्हणतात, आणि आपण त्या घरातून थेट प्रक्षेपण करतोय, असं त्याचं रूप होतं. स्टुडिओत मायकल पार्किन्सन, म्हणजे मुलाखती घेणारा देशातला सगळ्यात विश्वासाचा चेहरा. घरात सारा ग्रीन, जी मुलांच्या कार्यक्रमांतून घराघरात पोचलेली. तिचा खऱ्या आयुष्यातला नवरा माइक स्मिथ फोन सांभाळायला. सगळे आपापल्या खऱ्या नावाने.

प्रत्यक्षात हे नाटक होतं. स्टीफन व्होल्क यांनी लिहिलेलं, लेस्ली मॅनिंग यांनी दिग्दर्शित केलेलं, आणि काही महिने आधीच चित्रित झालेलं. सुरुवातीला लेखकाचं नावही दाखवलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत कलाकारांची यादी होती. पण पार्किन्सन समोर बसलेला असताना यादी कोण वाचतं?

पडद्यावर एक फोन नंबर होता, बीबीसीचा खराखुरा नंबर. लागला तर आधी 'हे काल्पनिक आहे' असं सांगितलं जायचं. पण इतके फोन आले की लाईनच लागेना. आणि लाईन लागत नाही म्हटल्यावर घरच्यांना वाटलं, बापरे, म्हणजे खरंच काहीतरी झालंय! नॉक्सच्या वेळी बर्फाने जे केलं, ते इथे बिझी टोनने केलं.

आणि नाटकातली खुबी कोणती होती, ऐका. एका क्षणी घरातलं दृश्य एकदम शांत दिसतं, सगळ्यांना हायसं वाटतं. मग स्टुडिओतल्यांच्या लक्षात येतं की हे थेट दृश्य नाहीच, आधीचं चित्रण पुन्हा दाखवलं जातंय. भूत घरातून प्रक्षेपणात शिरलंय. 'डेड लाइन'चं बी इथे आहे.

सुमारे 1 कोटी 10 लाख लोकांनी ते बघितलं. 1994 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी 10 वर्षांच्या दोन मुलांविषयी लिहिलं. हा कार्यक्रम बघितल्यावर त्यांना मोठ्या आघातानंतर होतो तसा मानसिक त्रास झाला होता. त्याहून वाईट म्हणजे, कार्यक्रमानंतर 5 दिवसांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या एका 18 वर्षांच्या तरुणाने आत्महत्या केली. त्याच्या आई-वडिलांनी कार्यक्रमाला जबाबदार धरलं. 1995 मध्ये प्रसारणाची मानकं बघणाऱ्या संस्थेने निकाल दिला की हे नाटक आहे याची पुरेशी कल्पना प्रेक्षकांना दिली गेली नाही. बीबीसीने 'घोस्टवॉच' परत कधीच दाखवलं नाही.

म्हणून मला 'डेड लाइन' नुसता 'भारी ट्विस्ट' वाटत नाही. 1992 नंतर 26 वर्षांनी त्याच बीबीसीने तोच डाव परत खेळला, पण पानं वेगळी टाकली. प्रेक्षकाला आधीपासून माहीत होतं की ही मालिका आहे, हे नट आहेत, आणि हे लोक फसवतात. वेळ रात्री 10 ची, मुलांची नाही. कुणाच्या घरात भूत नव्हतं. भुताने पछाडलं ते खुद्द लेखकांना, त्यांच्याच ड्रेसिंग रूममध्ये. आणि खोटं काय बोलले, तर 'आवाज गेला.' फसलेल्या माणसाचं नुकसान किती? एक भाग हुकला, सकाळी ऑफिसात मित्र हसले. घाबरवण्याचं वजन कमी केलं आणि त्या जागी बकरा बनण्याची मजा ठेवली. भय आणि विनोद यांच्यातली सीमा इथेच असते: खेळ संपल्यावर फसलेल्यालाही हसता येतं की नाही.

आता तो भाग तुम्ही मोबाईलवर बघाल तेव्हा एक अडचण येईल. स्क्रीनच्या खाली ती रेष असते ना, किती मिनिटं राहिली ते दाखवणारी? ती बघितली की कळतं, अरे, अजून वीस मिनिटं बाकी आहेत, म्हणजे बिघाड खोटा! त्या रविवारी कुणाकडे ही रेष नव्हती. थेट प्रक्षेपणात पुढे काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

पण एका ठिकाणी आजही ती रेष नसते. फोनवर एक सभ्य, सरकारी वाटणारा आवाज येतो. तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय, तसदीबद्दल क्षमस्व, लाईनवर थांबा, कॉल कट करू नका. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली लोकांची आयुष्यभराची कमाई याच सुरात गेली आहे. युक्ती तीच, नॉक्सच्या ट्रामच्या खांबाएवढी जुनी. फक्त शेवटी श्रेयनामावली येत नाही.

तर पुढच्या वेळी कुणी फार नम्रपणे माफी मागितली, की टीव्ही असेल तर पाच मिनिटं जास्त थांबा. फोन असेल तर लगेच कट करा!

आजच्यापुरतं एवढंच. घरातल्या मोठ्यांना हा भाग नक्की ऐकवा, खास करून शेवटची दोन मिनिटं. भेटूया पुढच्या भागात. आवाज गेला नाही तर!