उलट टाक्याची हौस

मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद मागावरच्या कापडाला, बाजेच्या सुतळीला, बुरुडाच्या टोपलीला आणि दोन सुयांवरच्या लोकरीलाही चालते. भाषेने या कामांना एका छत्राखाली घेतले असले तरी त्यांची कुळे निराळी आहेत. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना छेदतात. सुयांवर मात्र एकच अखंड धागा फासातून फास ओढीत पुढे सरकतो. त्यामुळे सुयांवरचे वस्त्र ताणले जाते, पुन्हा आवळते आणि डोक्यासारख्या गोल अवयवाला शिवणीवाचून नेमके बसते. त्याचमुळे एक टाका निसटला तर त्याखालची सारी ओळ उसवत जाते.

महाराष्ट्राची जुनी ऊब मागावरची आहे. धनगराची घोंगडी विणली जाई ती मागावर. थंडीपावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घेतली की वेगळ्या टोपीची गरज उरत नसे. पागोट्याने कान झाकले जात आणि तान्ह्या बाळाची कुंची कापडाची, शिवलेली असे. सुयांवर विणलेली लोकरीची टोपी आपल्याकडे पाहुणी म्हणून आली. ती कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे.

सुयांवरच्या विणकामाचे ओळखता येणारे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. ते सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले, पांढऱ्या व निळ्या सुती धाग्यांचे पायमोजे आहेत. पुढे ही कला युरोपात पसरली आणि तेथे टोपी हा तिचा मोठा व्यवसाय ठरला. इंग्लंडमध्ये १५७१ साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजवटीत कायदाच झाला. सहा वर्षांवरील सर्वांनी, उमराव व प्रतिष्ठित स्त्रिया वगळून, रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडात विणलेली लोकरीची टोपी घालावी. न घातल्यास दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. टोपी विणणाऱ्यांचा रोजगार वाचवणे हा त्यामागचा हेतू होता. लोकांनी तो फारसा जुमानला नाही आणि १५९७ साली तो रद्द झाला.

या टोप्यांविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. विणून झाल्यावर त्या पाण्यात कुटून, आटवून नमद्यासारख्या घट्ट केल्या जात. वेल्समधील मॉनमथ येथील संग्रहालयात सोळाव्या शतकातली तशी एक टोपी जपली आहे. त्या काळची उत्तम टोपी म्हणजे जिचे टाके दिसतच नाहीत ती! विणणाऱ्या हाताची खूण पुसून टाकणे हाच कसबाचा शेवटचा टप्पा होता.

टाके दिसू लागले, मिरवू लागले, ते उलट टाक्यामुळे. सुलट टाका समोरून गुळगुळीत दिसतो. तोच मागून पाहिला तर बारीक गाठीसारखा उठून येतो. ती गाठ समोरच्या बाजूस आणणे म्हणजे उलट टाका. टोपी किंवा मोजा चार-पाच सुयांवर गोल विणला, तर कापडाची समोरची बाजूच सदैव आपल्याकडे असते. नुसते सुलट टाके घालीत गेले तरी वस्त्र पुरे होते. म्हणून साध्या गोल विणकामाचे उलट टाक्यावाचून अडत नसे. गोल टोपीत कोणी उलट टाका नक्षीसाठी घातला असेल, तर तो गरजेपोटी नव्हे, हौसेपोटी. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा १५६२ साली वारली. तिच्या दफनातून मिळालेल्या रेशमी पायमोज्यांवर उलट टाक्यांची नक्षी आहे, आणि या टाक्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात खुणांत तिची गणना होते.

या हौसेने पुढे गरजाही भागवल्या. दोन सुलट, दोन उलट अशा उभ्या रेघा घातल्या की पट्टी रबरासारखी आवळते. टोपीचा काठ त्याचसाठी असा विणतात. एक सुलट, एक उलट आणि पुढच्या फेरीत सुलटावर उलट घेतला, की दाणेदार पोत उमटतो. तिला आपल्या बायकांनी साबुदाण्याची वीण म्हटले. गोल टोपीत टाके विषम संख्येने घेतले, तर हा क्रम न मोडता चालू ठेवला तरी प्रत्येक फेरीत सुलटावर उलट आपोआप येतो. चार-चार टाक्यांचे चौकोन आलटून पालटून घातले की चटईची वीण होते. टाक्यांच्या जागा आपसांत बदलल्या की वेणी पडते. ती रुंदी ओढून घेते, म्हणून टाके आधीच जास्त घ्यावे लागतात. उठावाच्या खाचखळग्यांत हवा कोंडून राहते आणि टोपी अधिक उबदार होते.

यंत्रालाही उलट टाका सहज साधला नाही. विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र केले, पण ते साधीच वीण विणी. उभ्या रेघांची वीण यंत्रावर आणण्याचे श्रेय जेडेडाया स्ट्रट याला मिळाले ते १७५०च्या दशकाच्या अखेरीस. मध्ये जवळजवळ १७० वर्षे गेली.

अशा नक्षीदार विणीला जगभर कीर्ती मिळवून दिली ती आयर्लंडच्या पश्चिमेकडील आरन बेटांनी. तेथील स्वेटर आणि टोप्या प्राचीन आहेत, प्रत्येक घराण्याची वीण ठरलेली असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे, असे आजही सांगितले जाते. जॉन मिलिंग्टन सिंज यांच्या 'रायडर्स टू द सी' या १९०४ मध्ये प्रथम रंगभूमीवर आलेल्या नाटकात बुडालेल्या तरुणाची बहीण त्याला ओळखते खरी. पण ती ओळखते साध्या पायमोज्यातल्या टाक्यांच्या मोजणीवरून आणि आपल्या हातून सुटलेल्या टाक्यांवरून. घराण्याच्या नक्षीचा तेथे संबंध नाही. प्राचीनतेच्या कल्पनेला हाइन्झ किवे या लोकर-व्यापाऱ्याने १९६७च्या आपल्या पुस्तकात खतपाणी घातले. रिचर्ड रट यांनी १९८७च्या आपल्या इतिहासग्रंथात पुरावे तपासून ती खोडून काढली. आरनची ही वीण विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कसबी स्त्रियांनी घडवलेली आहे. त्यांची नावे फारशी टिपली गेली नाहीत, आणि त्या रिकाम्या जागी दंतकथा येऊन बसली.

आपल्याकडे हे काम मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात युरोपीय कुटुंबे आणि मिशनच्या मुलींच्या शाळा यांच्यामार्फत आले. १८७६ साली कानपुरात निघालेल्या गिरणीची लोकर पुढे 'लाल इमली' या नावाने उत्तर हिंदुस्थानात सर्वतोमुखी झाली. माकडटोपीचे इंग्रजी नाव क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हा या गावावरून रूढ झाले. मराठीने ते बाजूला ठेवून आपला मिस्कील शब्द घडवला. कोकणातून, देशावरून माळव्यात आणि ग्वाल्हेरीस आलेल्या कुटुंबांना तिकडच्या हिवाळ्यात ही टोपी मनापासून पटली, यात नवल नाही.

आपल्या जुन्या घरांना प्राचीनतेचा मोह असतो. पेशवाईतल्या सनदा आपण जपतो; विणीच्या हस्तलिखित वह्या, 'दोन सु., दोन उ.' अशा खुणांनी भरलेल्या, रद्दीत जातात. त्या वह्या तीन-चार पिढ्यांहून जुन्या नसतील; म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. पेटीतल्या टोपीसोबत एक चिठ्ठी ठेवावी: कोणी विणली, कोठे, कोणत्या साली, कोणासाठी. आरनच्या स्त्रियांसाठी कोणी एवढे केले असते, तर त्यांच्या कसबाचे श्रेय काल्पनिक पूर्वजांना गेले नसते.