अल्पजर

गेल्या डिसेंबरात नडग्यांना खाज सुटली. दिवसा निभायचं, पण रात्री झोपेत ओरखडे उठायचे. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी होती. तिने पाय पाहिले आणि विचारलं, "आजी, साबण दिवसातून किती वेळा?" म्हटलं, दोनदा, चांगला घासून. "आणि पाणी?" कढत. चाळीस वर्षं शाळेत मुलांची नखं तपासली, स्वच्छतेचे धडे दिले, तेव्हा माझ्या उत्तरात अभिमानच होता म्हणा ना!

ती हसली. म्हणाली, वय वाढलं की त्वचेतल्या तैलग्रंथी मंदावतात, कातडी पातळ होते. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी, म्हणून उरलंसुरलं तेलही तो घेऊन जातो. पाणी कोमट घ्या. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. अंग टिपलं की ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मलम लावा. लिंबाचा रस वगैरे नैसर्गिक म्हणून चोळू नका, त्याने आणखी आग होईल.

रिक्षात बसल्यावर मलाच हसू आलं. लिंबू सोडलं तर हे सगळं आमची आत्या सांगायची. तीही काही नवीन सांगत नव्हती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अंगाला तेल लावण्याचं वर्णन आहे. तिथले दाखले फार घरगुती आहेत: तेल मुरलेला मातीचा घडा, तेल पाजलेलं चामडं, वंगण घातलेला गाडीचा आस. जसे ते टिकतात तसं शरीर टिकतं, असं चरक म्हणतो. रोज अभ्यंग करणाऱ्या माणसासाठी तो एक शब्द वापरतो, 'अल्पजर'. बघा, 'अजर' नाही म्हणत. म्हातारपण येणारच नाही असं आश्वासन नाही. येईल, पण जरा कमी जाचेल, एवढंच. इतका प्रामाणिक शब्द हल्लीच्या कुठल्या डबीवर मला अजून तरी दिसलेला नाही.

आता आत्याबद्दल. ती माझ्या वडिलांची आत्या, पण घरात सगळ्यांचीच आत्या. तेराव्या वर्षी विधवा झालेली. मी पाहिली तेव्हा साठीच्या आसपास होती. लाल आलवण, डोक्यावरून पदर, आत केस नाहीत. वाईच्या घरी दिवाळीआधी पंधरा दिवस तिचं उटण्याचं काम सुरू व्हायचं. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, गव्हला, कचोरा, संत्र्याच्या वाळवलेल्या साली. सगळं उन्हात खडखडीत वाळवायचं, खलबत्त्यात कुटायचं, मग वस्त्रगाळ करायचं. एक कण जाड राहिला तरी पुन्हा कुटायचं. "अंगाला लावायचंय, भांडी नाही घासायची," असं म्हणायची. नरकचतुर्दशीला पहाटे आम्हा मुलांना पाटावर बसवून तीच तेल जिरवायची आणि उटणं लावायची. तिचे तळहात दिवाळीभर पिवळट असत आणि त्यांना वास येई. सगळं घर आटोपलं की ती स्वतः विहिरीवर जाऊन साधं स्नान करी. तेल नाही, उटणं नाही.

लहानपणी हे दिसायचं, पण प्रश्न पडायचा नाही. मोठेपणी बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा ग्रंथालयात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड चाळताना विधवाधर्मांपाशी थांबले. स्कंदपुराणातल्या काशीखंडात नियम आहेत. विधवेने केस राखू नयेत, दिवसातून एकदाच जेवावं, सुगंधी द्रव्यं वापरू नयेत. आणि त्यातच, अंगाला उटणं लावू नये. 'उद्वर्तन' हाच शब्द. उटण्यावर बंदी घालायलाही एक शास्त्रवचन होतं, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. आजीच्या बटव्यातलं सौंदर्य वगैरे लेख हल्ली पुष्कळ येतात. ते वाचताना मला हा खंड आठवतो. बटवा आजीचा होता हे खरं, पण तो कुठल्या आजीने वापरायचा हेही ठरलेलं होतं.

साबणाने हे बदललं का? थोडं बदललं, पण सरळ नाही. १८८८ च्या सुमारास लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या असं सांगतात. पण विलायती साबणात जनावराची चरबी असे, म्हणून सोवळ्याच्या घरात त्याला मज्जाव. अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत वनस्पती तेलांचा साबण काढला. चरबी नाही आणि स्वदेशीही, त्यामुळे तो पुष्कळ घरांत शिरला. माझ्या वडिलांनी एकदा अशीच एक वडी आत्याच्या हातात ठेवली. "आत्या, यात चरबी नाही हो." तिने ती नाकाशी नेली आणि परत दिली. "चरबी नसेल रे, पण वास आहे ना." संपलं.

काण्यांचा तो दुसरा खंड प्रसिद्ध झाला १९४१ साली. त्याच वर्षी लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तोवर तिथे हॉलिवूडच्या तारका असत. या पहिल्या भारतीय, आणि मराठी. धारवाडच्या, बी.ए. झालेल्या, चार मुलांची आई असूनही नोकरी आणि नाटक-सिनेमा करणाऱ्या. 'कंगन', 'बंधन', 'झूला' यांतल्या अशोककुमारांच्या नायिका. एकाच सालात एका पुस्तकात विधवेने काय लावू नये याची नोंद आणि दुसरीकडे पदवीधर मराठी बाईचा चेहरा साबणाच्या जाहिरातीत. आत्या तेव्हा चाळिशीत होती.

पण गंमत पुढे आहे. १९४८ च्या 'शहीद'मध्ये लीलाबाई दिलीपकुमारच्या आई झाल्या, १९५१ च्या 'आवारा'त राज कपूरच्या. त्यांचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. पुढे 'गाईड'पर्यंत (१९६५) त्या पडद्यावर सोसणाऱ्या, म्हाताऱ्या आयाच होत राहिल्या. त्यांनी म्हातारपण फार सुंदर उभं केलं, पण ते त्यांच्यावर लवकर टाकलं गेलं असं मला नेहमी वाटत आलं आहे. २००३ साली त्या अमेरिकेत वारल्या. 'चंदेरी दुनियेत' हे त्यांचं आत्मचरित्र जमलं तर जरूर मिळवून वाचा.

त्यानंतरचा इतिहास तुम्हालाही ठाऊक आहे. १९७५ मध्ये गोरं करणारं मलम आलं. २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणा काढावा लागला. आता वयाच्या खुणा पुसणारी मलमं आहेत. माझ्या नातीने वाढदिवसाला एक आणून दिलं. प्रेमाने दिलं हो, म्हणून नाही म्हटलं नाही. टाचांना लावते, भेगांना बरं पडतं! नडग्यांना मात्र खोबरेल, आंघोळीनंतर लगेच. तीन आठवड्यांत खाज थांबली. सुरकुत्या होत्या तिथेच आहेत.

तेल जिरवताना आत्याचं शेवटचं वर्ष आठवतं. १९६३ ची थंडी. ती अंथरुणाला खिळलेली, कातडी कागदासारखी झालेली, पाठीला हात लावला तरी कण्हायची. दिवाळीच्या पहाटे आईने तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मला कोमट तेलाची वाटी धरायला आत ठेवलं होतं. आईने तिला कुशीवर वळवलं आणि पाठीला तेल लावायला लागली. मग दुधात कालवलेलं उटणं, अगदी हलक्या हाताने, न चोळता. उटणं त्या वर्षी आईने कुटलं होतं, थोडं जाडच राहिलं होतं.

"पुरे गं," आत्या म्हणाली. आईचा हात थांबला नाही. थोड्या वेळाने आत्या पुन्हा म्हणाली, "जाड राहिलंय. अजून एकदा गाळायला हवं होतं."