रंगपीठावरील कक्ष्या आणि परिक्रमण

भरताच्या नाट्यशास्त्रात 64 हात लांब व 32 हात रुंद अशा विकृष्ट, म्हणजे आयताकृती, मध्यम नाट्यगृहाचे मोजमाप दिले असून, त्याचा अर्धा भाग प्रेक्षकांसाठी, तर उरलेला अर्धा रंगपीठ, रंगशीर्ष आणि नटांच्या वेषभूषेचे नेपथ्यगृह यांसाठी राखला आहे. नेपथ्यगृहाच्या दोन दारांमध्ये वादक बसत, आणि ज्या दिशेला वाद्यांची तोंडे असतील ती नाट्यापुरती पूर्व मानली जाई. या रंगव्यवस्थेची खरी प्रतिभा मात्र कक्ष्याविभागात दिसते. रंगपीठाचे काल्पनिक भाग पाडून एकाला घर, दुसऱ्याला नगर वा वन मानणे म्हणजे कक्ष्याविभाग. नटाने परिक्रमण केले, म्हणजे रंगपीठावर फेरी मारली, की स्थळ बदलले असे प्रेक्षक समजून घेत. आधी प्रवेश केलेली पात्रे घराच्या आत आणि मागाहून येणारी बाहेरची, हाही संकेत ठरलेला होता, त्यामुळे भिंत न उभारताही उंबरठा स्पष्ट होई. एकोणिसाव्या शतकात मराठी नाटकात रंगवलेले पडदे व विंगा रुळल्यावर स्थळ सुचवण्याचे काम बरेचसे त्यांच्याकडे गेले. तमाशाच्या वगात मात्र एका फेरीत दुसरे गाव गाठण्याची रीत टिकून राहिली.