रसायनीच्या ॲनिलीनची कुळकथा

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपट्याला पोचण्याआधी रसायनी स्टेशनात थांबते. पाताळगंगेच्या काठच्या या भागाला हे नाव रसायनांच्या कारखान्यामुळेच मिळालं. कारखाना हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा, लोकांच्या तोंडी नुसतं ‘एचओसी’. 1960 साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकात इथे नायट्रोबेंझिन आणि ॲनिलीन तयार होऊ लागलं. अकरावीला हायड्रोकार्बनच्या धड्यात बेंझिनचं नायट्रेशन येतं, बारावीला ॲनिलीन. पनवेलच्या मुलांना ही समीकरणं शिकवताना त्यांचं कूळही सांगावं, असं मला मनापासून वाटतं. त्या कुळाची एक शाखा त्यांच्या शेजारीच नांदली आहे.

मूळपुरुष लंडनचा. तिथे तेल तापवून काढलेला वायू दिव्यांसाठी दाबून टाक्यांत भरत आणि टाकीच्या तळाशी एक द्रव साचे. 1825 साली मायकेल फॅरडेने त्यातून बेंझिन वेगळं काढलं. 1834 मध्ये बर्लिनच्या मिचर्लिखने त्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून नायट्रोबेंझिन मिळवलं. त्याला कडू बदामासारखा वास येतो म्हणून पुढे ते साबणातही घालत. ते किती विषारी आहे, याची तेव्हा पुरेशी जाण नव्हती. 1842 साली कझानच्या झिनिनने नायट्रोबेंझिनचं क्षपण करून ॲनिलीन बनवलं. त्याआधी ॲनिलीन मिळे ते नीळ तापवून. 1854 मध्ये बेशांने लोखंड आणि आम्ल वापरून हे काम स्वस्त केलं, आणि दोनच वर्षांनी अठरा वर्षांच्या पर्किनला अशुद्ध ॲनिलीनमधून जांभळा रंग सापडला. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून उभा राहिला.

पण वर्गात खरं थांबायचं ते ब्रोमीनपाशी. इथाइनमध्ये दोन कार्बन, दोन हायड्रोजन. बेंझिनमध्ये सहा आणि सहा. प्रमाण तेच. तरी इथाइन ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग घालवतं आणि बेंझिन ढिम्म राहतं. हे कोडं मुलांसमोर ठेवून त्यांना थोडा वेळ झगडू द्यावं. उत्तर लगेच फळ्यावर लिहिलं की त्यातली गंमत जाते आणि उरते ती पाठांतराची यादी. 1865 साली केकुलेने सहा कार्बनांचं कडं सुचवलं, पण तेवढ्याने कोडं पूर्ण सुटलं नाही. कड्यातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्या एका बंधात अडकलेले नसतात, ते सगळ्या कड्यावर पसरलेले असतात आणि त्यामुळे रेणू स्थिर होतो, हे विसाव्या शतकात उलगडलं. इथाइनला जोडलं जातं तसं ब्रोमीन कड्याला जोडलं गेलं, म्हणजे समावेशन झालं, तर हे स्थैर्य मोडतं. म्हणून बेंझिन प्रतियोजन पसंत करतं: एक हायड्रोजन सुटतो, त्याच्या जागी नवा गट बसतो आणि कडं शाबूत राहतं.

नायट्रेशनमध्ये नेमकं हेच होतं. संहत सल्फ्युरिक आम्लामुळे नायट्रिक आम्लातून धनप्रभारित नायट्रोनियम आयन तयार होतो आणि तो कड्यावर चाल करतो. तापमान साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर दुसराही नायट्रो गट बसू लागतो. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, तेव्हा हा प्रयोग शाळेत नकोच. ब्रोमीनच्या पाण्याचा प्रयोग खाद्यतेलावर दाखवता येतो, तोही शिक्षकांनी, हवेशीर जागी आणि थेंबाथेंबाने.

मोठ्या कारखान्यात पुढची पायरी वेगळ्या रीतीने घडवतात. तिथे बेशांचं लोखंड नसतं. नायट्रोबेंझिनची वाफ आणि हायड्रोजन उत्प्रेरकावरून जातात. एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात आणि ॲनिलीनसोबत पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात. वहीतलं समीकरणही हेच आहे. मुलांनी ते संतुलित करताना तीन आणि दोन हे आकडे स्वतः काढावेत.

रसायनीत आता ॲनिलीन होत नाही. तोट्यातला हा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2017 साली घेतला. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग मात्र वाचला आणि तो इस्रोकडे सोपवायचं ठरलं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या विकास इंजिनात द्रव इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवतं, ते हेच टेट्रॉक्साइड.