लिनक्समधील मॅक पत्ता

मॅक पत्ता अथवा हार्डवेअर पत्ता हा नेटवर्क इंटरफेसची स्थानिक जाळ्यात ओळख पटवणारा ४८ बिटांचा क्रमांक होय. तो षोडशमान पद्धतीने, प्रत्येकी दोन अंकांच्या सहा गटांत लिहितात. उत्पादकाने दिलेल्या पत्त्यातील पहिले तीन गट सामान्यतः त्या उत्पादकाचे निदर्शक असतात. हे गट आयट्रिपलई ही संस्था नेमून देते.

सक्रिय इंटरफेस ओळखणे

लिनक्सवर चालणाऱ्या एकाच संगणकात तारयुक्त, बिनतारी व आभासी असे अनेक इंटरफेस असू शकतात. यादीत बहुधा प्रथम येणारा 'लो' हा संगणकाचा स्वतःशीच संवाद साधणारा इंटरफेस असून त्याच्या पत्त्यात सर्व शून्ये असतात. काही संस्थांच्या जाळ्यांत केवळ नोंदवलेल्या मॅक पत्त्यांनाच प्रवेश मिळतो. तेथे भलत्याच इंटरफेसचा पत्ता नोंदवल्यास संगणक जाळ्याबाहेर राहतो. म्हणून पत्ता पाहण्यापूर्वी सक्रिय इंटरफेस निश्चित करणे आवश्यक ठरते.

त्यासाठी 'आयपी राउट' ही आज्ञा वापरतात. (आज्ञा रोमन लिपीत टंकित करायच्या असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) उत्तरातील 'डिफॉल्ट' या शब्दाने आरंभ होणाऱ्या ओळीत 'डेव्ह' या शब्दापुढे इंटरफेसचे नाव असते. अशा ओळी एकाहून अधिक असल्यास सर्वांत कमी 'मेट्रिक' असलेल्या मार्गाला प्राधान्य असते.

पत्ता वाचणे

'आयपी लिंक शो' या आज्ञेपुढे इंटरफेसचे नाव दिल्यास 'लिंक/ईथर' या शब्दांनंतर त्याचा मॅक पत्ता दिसतो. त्याच ओळीतील 'बीआरडी' पुढचा पत्ता प्रक्षेपणाचा असतो. तो संगणकाचा पत्ता नव्हे. जुन्या 'आयएफकॉन्फिग' आज्ञेनेही मॅक पत्ता कळतो. मात्र ती अनेक नव्या वितरणांत आपोआप उपलब्ध नसते. पत्ता केवळ वाचण्यासाठी प्रशासकीय अधिकार लागत नाहीत.

मर्यादा

या आज्ञा त्या वेळी वापरात असलेला पत्ता दर्शवतात. तो आज्ञावलीद्वारे बदलता येतो. गोपनीयतेसाठी वाय-फायवर यादृच्छिक पत्ताही वापरला जातो. पत्त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असल्यास तो स्थानिक पातळीवर ठरवलेला आहे असे समजावे. मूळ पत्ता 'ईथटूल' या आज्ञेस मोठ्या लिपीतील 'पी' हा पर्याय जोडून पाहता येतो. पत्ता बदलता येत असल्याने केवळ त्याच्या आधारे संगणकाची ओळख निर्विवादपणे सिद्ध होत नाही.