साकीची वाळवंटातली बहीण

गझलेतला साकी आपल्या परिचयाचा. (संगीत नाटकांतली ‘साकी’ निराळी; तिचे नाते ‘साखी’शी, म्हणजे मुळात ‘साक्षी’शी असावे.) अरबीत स-क़-य हा पाणी पाजण्याचा धातू, पाजणारा तो ‘साक़ी’. मद्याचा पेला त्याच्या हाती फारसी कवितेत स्थिरावलेला दिसतो. त्याचेच स्त्रीलिंगी रूप ‘साक़िया’, म्हणजे रानाला पाणी पाजणारी, आपला पाट. आपणही उसाला पाणी पाजतोच. इथे ‘सिच्’, ‘सिंचन’ आठवून हात शिवशिवतात, पण सिच् भारत-युरोपीय आणि साक़िया सेमिटिक. साम्य कानापुरतेच.

ही साक़िया अरबांबरोबर स्पेनात गेली आणि ‘अल्’ हे उपपद अंगात जिरवून ‘असेकिया’ झाली. ‘शर्करा’चेही तसेच झाले: फारसी शकर, अरबी सुक्कर, स्पॅनिश असूकार. संस्कृतात शर्करा म्हणजे खडे-रेतीही, तेव्हा वाळवंटाच्या वाटेवर ती भेटावी हे मला फार आवडते.

कारण असेकिया पुढे पोहोचली ती उत्तर अमेरिकेतल्या सोनोराच्या वाळवंटात, जेझुइट पाद्र्यांच्या तोंडी. (पाद्री पोर्तुगिजांकडून आलेला, ‘पितृ’चा सख्खा भाऊबंद.) फादर एउसेबियो किनो १६९२ मध्ये आजच्या टूसॉनजवळ ओओधाम लोकांच्या ‘वाक’ या गावी आले. लुप्त झालेले पाणी पुन्हा वर येते ती जागा, असा या नावाचा अर्थ सांगतात. स्पॅनिश लेखणीत वाकचे ‘बाक’ झाले, आणि पुढे संताचे नाव लागले: सान झेवियर देल बाक. हे झेवियर म्हणजे ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे तेच. नाव मूळचे बास्क, ‘एचे बेरी’ म्हणजे नवे घर. स्पॅनिशात त्याचे हावियेर, पोर्तुगिजात शावियेर. ‘झेवियर’ हे रूप आपण इंग्रजीवरून घेतले असावे.

या मुलखाला पाटपाणी मिशनने शिकवले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते चूक आहे. टूसॉनच्या खोऱ्यात किनोंच्या आधी हजारो वर्षांपासून कालवे होते, आणि ते आले तेव्हा वाकचे लोक पाटावर शेती करीतच होते. ‘असेकिया’ हे नाव तेवढे नवे. गहू मात्र खरोखरच मिशनबरोबर आला. मका आणि शेंगा उन्हाळ्यात पिकवणाऱ्या ओओधामांना त्यामुळे हिवाळ्याचे पीक मिळाले.