देवळाची घंटा आणि आमचा दिवस



कामाच्या रगाड्यांत प्रार्थनेस वेळ कोठून आणावा, ही तक्रार नवी नव्हे. तिचें उत्तर पवित्र सभेनें शतकांपूर्वींच घंटेच्या मुखानें दिलें आहे.

मध्ययुगीन युरोपांत मठवासी दिवसाच्या ठराविक घटकांस स्तोत्रें गात. नांगर धरणाऱ्या कुळास तें कसें साधावें? म्हणून सायंकाळच्या घंटेसरशी तीन वेळां ‘नमो मरिया’ म्हणण्याची चाल पडली. इ. स. १३१८ मध्यें पोप बाविसावे जॉन यांनीं तिचा गौरव केला. १४५६ सालीं तुर्कांच्या स्वारीचें संकट ओढवलें असतां पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनीं मध्यान्हीं घंटा वाजवून प्रार्थना करण्याची आज्ञा दिली. पहाटेची घंटाही रूढ झाली. याप्रमाणें त्रिकाळ देवदूताची प्रार्थना सिद्ध झाली.

या प्रार्थनेनें शेतकऱ्याचें शेत सोडविलें नाहीं. नांगर क्षणभर थांबविला, इतकेंच. प्रभूचा निरोपही नासरेथसारख्या लहान गांवींच आला होता.

आम्ही आपणांजवळ अधिक तास मागत नाहीं. गाडींत असा, कचेरींत असा वा चुलीपाशीं असा. दिवसांतून तीन वेळां हात थांबूं द्या. घंटा ऐकूं येत नसेल, तर घड्याळाकडे पाहा. जो क्षण देवास दिला नाहीं, तोही अखेर आपल्याजवळ राहत नाहीं.